बियांची पत्रिका



आपल्या सराफ्यातल्या जुन्या घरांत लग्नामुंजीच्या पत्रिकांची एक पिशवी असतेच. कार्य होऊन वर्षं लोटली, तरी ती टाकवत नाही, कारण प्रत्येक पत्रिकेवर गणपती छापलेला. कचरागाडीत द्यायला मन धजत नाही. मग कुणीतरी ती कान्ह नदीत सोडून येतं. २०१७ पासून आपलं इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं येत राहिलं. आपण घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा करतो, पण या पिशवीचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

बियांच्या कागदाकडे लोक वळताहेत ते म्हणूनच, असं मला वाटतं. हा हातकागद. सुती चिंध्या किंवा रद्दी भिजवून, कुटून लगदा करतात. त्यात तुळस, झेंडू, टोमॅटो अशा बारीक बिया मिसळून पत्रं काढतात आणि जास्त उष्णता न देता वाळवतात, नाहीतर बी मरतं. चिंध्यांपासून केलेल्या कागदासाठी झाड तोडावं लागत नाही. हातकागद आपल्याला नवा नाही. पुण्यात हातकागद संस्था १९४० पासून आहे. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनाच्या सरकारी निमंत्रणपत्रिकांतही अश्वगंधा, कोरफड आणि आवळ्याचं बी होतं.

वापरायची रीत सोपी आहे. कार्डाचे तुकडे रात्रभर पाण्यात भिजवा. कुंडीतल्या मातीवर पसरून वर मातीचा पातळ थर द्या आणि ओल टिकवा. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतात. कार्ड मात्र फार दिवस ठेवू नका. जुन्या बियांची उगवण कमी होते.

आता व्यवहाराचं बोलू. हे कार्ड साध्या कार्डापेक्षा महाग पडतं. पाचशे पत्रिका त्यावर छापणं सगळ्यांना झेपणार नाही, आणि त्याची गरजही नाही. बहुतेकांना मोबाईलवर निमंत्रण पोचतंच. खजराण्याच्या गणपतीला द्यायची पहिली पत्रिका आणि घरी जाऊन अक्षत देतो त्या मोजक्या वडीलधाऱ्यांच्या पत्रिका, एवढ्या बियांच्या कराव्यात. घेताना बी कोणतं आणि कधीचं, हे विचारावं. वर प्लास्टिकचा थर किंवा सोनेरी वर्ख असेल तर घेऊ नये. मग बियांना अर्थ उरत नाही.

आणि एक विनंती. त्यावर देवाचं चित्र छापू नका. चित्र असलं की फाडवणार नाही, फाडलं नाही की पेरलं जाणार नाही, आणि पत्रिका पुन्हा त्याच पिशवीत जाईल. वर नुसतं स्वस्तिकही नको. नाव, तिथी, स्थळ पुरे.

कुणी म्हणेल, शुभकार्याची पत्रिका मातीत कशी घालायची? पण शाडूची मूर्ती आपण दहा दिवस पुजतो आणि पाण्यात विरघळवतो, त्यात अनादर मानत नाही. काम झाल्यावर जिथून आलं तिथे परत पाठवणं ही आपलीच रीत आहे.

भाद्रपदात तुळशीचं बी पेरलं, तर कार्तिकात तुळशीच्या लग्नाला वीतभर रोप तयार असतं. आपल्या मंडळाने पुढच्या वर्षीची निमंत्रणं अशी काढावीत, ही सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवतो.

गणपती बाप्पा मोरया!