अभंगातले शेवटचे चार



शाळेत कविता समोर आली की आपण लघु-गुरूच्या खुणा केल्या, ‘यमाताराजभानसलगा’ म्हटले, गण पाडले, वृत्ताचे नाव लिहिले आणि गुण पदरात पाडून घेतले. मनाच्या श्लोकांपुरते ते ठीकच. भुजंगप्रयात : चरणात 12 अक्षरे, चार य-गण. अभंगाला मात्र ही फूटपट्टी लागत नाही. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त वृत्त आणि जाती यांच्यापासून छंद वेगळा काढला, तो याच फरकामुळे. छंदात ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. मोजायची ती अक्षरे.

धाकट्या अभंगाचे आज सोडून देऊ. मोठ्या अभंगाचे माप 6-6-6-4, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. नामदेवांच्या नावावरच्या एका अभंगात याला ‘साडेतीन चरण’ म्हटले आहे. संतांच्या ओळींची मोडतोड करायला हात धजत नाही, म्हणून मीच दोन ओळी जुळवल्या आहेत. काव्य म्हणून त्यांची परीक्षा नको.

मृगाच्या पावसा आड आला वारा ।
कोरडाच सारा माळ आता ॥

‘वारा’ला ‘सारा’ मिळतो कुठे? दुसऱ्या ओळीच्या मध्यावर. तिथे कान तृप्त होतो, पण वाक्य संपलेले नसते. सारा, पण काय सारा? मग येतो ‘माळ आता’. चारच अक्षरे, यमकाविना. पूर्ण चरणाला दोन अक्षरे कमी पडतात. गाताना ती जागा स्वर लांबवून भरतात. अभंगातला सगळ्यांत भारी शब्द पुष्कळदा या तोकड्या चरणात असतो.

आता थोडी खोडी काढू. दुसरी ओळ अशी करा : ‘कोरडाच माळ आता सारा’. अक्षरे तीच, माप तेच, अर्थही तोच. यमक मात्र शेवटी गेले. ओळ गुळगुळीत झाली आणि माळ मध्येच कुठेतरी दडपला गेला. यमक जुळले की काम झाले असे मानणाऱ्या हौशी कवींनी हा प्रयोग घरी जरूर करावा.

राहिले ध्रुपद. गाथेत ‘॥ध्रु॥’ असे छापलेले असते आणि वाचताना आपण त्यावरून घसरत जातो. गाणारा तसे करत नाही. प्रत्येक कडव्यानंतर तो त्या ओळीवर परततो. समजा, वरची ओळ ध्रुपद आहे. पुढच्या कडव्यात कणगीतले बियाणे दळून खाल्ल्याचे आले, त्याच्या पुढच्यात मुलगा शहराकडे निघाल्याचे. दोन्हीनंतर ‘माळ आता’ म्हणून पाहा. पहिल्या खेपेला ती जमिनीची स्थिती होती. तिसऱ्या खेपेला घराची होते. एक अक्षर न बदलता हे घडते, म्हणून पुनरुक्तीला पाल्हाळ म्हणणे मला पटत नाही. निव्वळ पाल्हाळ असते ते वेगळे : ओळ परतते, पण मधल्या कडव्याने तिला काहीच दिलेले नसते.

तेव्हा गाथा हाती घ्याल तेव्हा मनातल्या मनात वाचू नका. मोठ्याने म्हणा, आणि ‘ध्रु’ दिसेल तिथे दर कडव्यानंतर मागे या.