गाठी मोजणारे रोप



हरभऱ्याचे एखादे रोप मातीसह अलगद उपटून त्याची मुळे पाण्यात धुतली, तर त्यांवर बारीक गाठी दिसतात. तो रोग नव्हे. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असूनही वनस्पतींना तो सरळ घेता येत नाही. या गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू तो घेऊन रोपाला वापरता येईल अशा रूपात देतात. कडधान्यांना हवेतला नत्र गाठींमुळेच मिळतो, हे हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८८ मध्ये सप्रमाण मांडले.

हा पाठ शिकवताना विद्यार्थी हटकून विचारतात, "मग गाठी जितक्या अधिक, तितके पीक जोमदार, असेच ना?" रोपाचे स्वतःचे उत्तर मात्र निराळे आहे.

प्रथम गाठ कशी जन्मते ते पाहू. नत्राची टंचाई भासली की मूळ मातीत विशिष्ट द्रव्ये सोडते. त्यांची चाहूल लागताच जिवाणू उत्तरादाखल एक रासायनिक संकेत धाडतात. साखरेच्या आखूड साखळीला मेदाम्लाची शेपटी, अशी त्याची रचना फ्रान्समधील संशोधकांनी १९९० मध्ये उलगडली. हा संकेत ओळखणारी ग्राहक प्रथिने मुळावरील केसासारख्या तंतूंच्या आवरणात असतात. ती लोटस नावाच्या शेंगवर्गीय वनस्पतीत डेन्मार्कमधील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिली. त्यांनी वर्दी दिली की पेशीकेंद्रात कॅल्शियमचे प्रमाण लयीने वरखाली होते. ती लय दुसरे प्रथिन वाचते, आणि पुढे 'निन' नावाचे प्रथिन जनुकांना हुकूम सोडते. मुळाच्या पेशी विभागू लागतात, जिवाणूंना आत वाट मिळते आणि गाठ धरते.

परंतु गाठ बांधण्याचा हुकूम देणारे हेच निन बांधकाम आवरते घेण्याची तजवीजही करून ठेवते. त्याच्या प्रेरणेने प्रथिनाचे छोटे तुकडे तयार होतात व रसवाहिन्यांतून पानांपर्यंत चढतात. तेथे त्यांची नोंद घेणारे आणखी एक ग्राहक प्रथिन असते. एरवी पाने 'गाठी येऊ द्या' असा निरोप मुळांकडे धाडीत असतात. ही नोंद झाली की तो निरोप मंदावतो आणि नव्या गाठी थांबतात.

हा आवर कशासाठी? गाठी पोसणे रोपाला महाग पडते म्हणून. नत्राचा एक रेणू फोडण्यास एटीपी या ऊर्जावाहक द्रव्याचे किमान १६ रेणू खर्ची पडतात, आणि ती ऊर्जा पानांनी केलेल्या साखरेतून येते. पानांतील हे प्रथिन बिघडलेल्या सोयाबीनच्या मुळांवर गाठींची दाटी होते, पण रोप खुरटते. मिळकतीपेक्षा खर्च वाढला की घर बसते, तसाच हा प्रकार.

मातीत नायट्रेट भरपूर असले, तरीही रोप गाठींना आळा घालते. म्हणून माळव्यातील सोयाबीन असो वा बेळगावकडील भुईमूग, पेरणीच्या वेळच्या अल्प मात्रेपलीकडे युरियाचा मारा केला, तर रोप आपली कमाई थांबवते आणि शेतकरी घरचे असताना बाजारचे विकत आणतो. तेव्हा खताची गोणी फोडण्यापूर्वी, पीक फुलावर येण्याच्या सुमारास एखादी गाठ नखाने फोडून पाहावी. आत तांबूस गुलाबी रंग दिसला, तर ती कामावर आहे असे समजावे. तिला तिचे काम करू द्यावे.