कॅरमची साडेसाती

मुंबईच्या आरे कॉलनीत पाऊस कोसळू लागला, की एखाद्या पडवीत कॅरम मांडला जातो. बोरिक पावडर पडते, स्ट्रायकर सुटतो, सोंगटी टणकन उडते. आज ही टक्कर मोबाइलवर टिपून मोजूया.

त्यासाठी ‘ट्रॅकर’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे शिक्षक डग्लस ब्राउन यांनी ते तयार केलं. मोबाइल पटाच्या बरोबर वर धरायचा. सेकंदाला 30 चित्रं मिळतात. पटाची बाजू 74 सेंटिमीटर, हे सॉफ्टवेअरला सांगायचं आणि प्रत्येक चित्रात स्ट्रायकर व सोंगटीच्या मध्यावर खूण करायची. वेग ते काढून देतं.

समजा, 15 ग्रॅमचा स्ट्रायकर सेकंदाला 2 मीटर वेगाने 5 ग्रॅमच्या सोंगटीवर नेमका समोरून आदळला. ऊर्जा वाया गेली नाही, तर स्ट्रायकरचा वेग 1 उरतो आणि सोंगटी 3 ने सुटते. संवेग आधी पंधरा दुणे तीस. नंतर पंधरा अधिक पंधरा, पुन्हा तीस. गतिज ऊर्जाही दोन्ही वेळा 30 मिलिजूल.

पण टकरीच्या चित्रात ऊर्जा साडेबावीसच दिसते! साडेसात गेले कुठे? पुढे ते परतही येतात. ही साडेसाती शनीची नव्हे, सरासरीची. एका चित्रातला वेग काढताना ट्रॅकर त्याच्या मागच्या आणि पुढच्या चित्रातल्या जागा बघतो. टक्कर मध्ये आली, की 2 आणि 1 मिळून दीड. 0 आणि 3 मिळूनही दीड. संवेग मात्र तीसच भरतो, म्हणून शंका येत नाही. तेव्हा टकरीलगतचे बिंदू सोडा. आधीचा आणि नंतरचा वेग वेगवेगळा काढा.

दुसरी चूक याहून लबाड. 74 ऐवजी 47 टाइप झालं, तर सगळेच वेग सारख्या प्रमाणात घटतात आणि हिशेब तरीही जुळतो! वजनमापच खोटं असलं, तरी पारडी समान राहतातच. म्हणून पडद्यावर सोंगटीचा व्यास मोजा आणि पट्टीशी ताडून बघा. वेळेची खात्री हवी, तर सोंगटी मीटरभर उंचीवरून सोडून तेही टिपा. गुरुत्वत्वरण 9.8 च्या आसपास यायला हवं. 0.15 आलं, तर 240 चित्रांची स्लो मोशन तुम्ही 30 ची समजलात.

आणि आरेतल्या झाडांखाली उजेड कमी. धावती सोंगटी फराट्यासारखी उमटते. पटावर दिवा लावा. एवढं करूनही टकरीनंतर ऊर्जा वाढलेली दिसली, तर न्यूटनला हाक मारण्याआधी आपल्या खुणा पुन्हा तपासा.