खोली मिळते, घर मिळत नाही
(लोणावळा येथील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)

लोणावळ्यात पैसे मोजले की एका रात्रीची खोली मिळते. परंतु दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना जन्माचा संसार मांडायचा असेल, तर याच मावळात त्यांना घर कोण देईल? पाऊस कितीही कोसळो, ज्यांना दार उघडत नाही त्यांच्यासाठी हे वाळवंटच आहे.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. तुरुंगाची भीती गेली. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने त्यांना विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला. म्हणजे प्रेम गुन्हा नाही, पण संसाराला कायद्यात नाव नाही. मृत्युपत्र नसेल, तर चाळीस वर्षे एका ताटात जेवलेला जोडीदार वारस ठरत नाही.

२०२४ साली केंद्र सरकारने अशा जोडप्यांना शिधापत्रिकेसाठी एकाच घरातील मानावे, असे राज्यांना कळविले. संयुक्त बँक खात्यास आडकाठी नाही, हेही स्पष्ट केले. श्रीमंत माणूस वकील गाठील, परदेशी जाईल. कंत्राटी कामगाराने काय करावे? हा प्रश्न चैनीचा नव्हे. तो भाड्याच्या घराचा आणि शिध्याचा आहे.

महात्मा फुल्यांच्या सत्यशोधकांनी पुरोहिताविना विवाह लावले, तेव्हाही धर्म बुडाल्याची ओरड झाली होती. त्या वेळी नवविवाहितांच्या पाठीशी कार्यकर्ते उभे राहिले. आज शिधावाटप कार्यालयात आणि घरमालकाच्या दारात या जोडप्यांसोबत उभे राहणे, हे आपले काम आहे.