हक्क कीं सवलत?



मुंबईहून दक्षिणेस निघालेल्या प्रवाशाला पेणच्या पुढें वडखळ लागतें. येथें अलिबागचा फांटा फुटतो. एका अंगाला खाडी व खारजमीन, दुसऱ्या अंगाला डोंगर. ह्या डोंगरांच्या कुशींत कातकरी व ठाकूर ह्यांच्या वाड्या आहेत. ह्या लोकांचें रान त्यांच्या हातून गेलें तें एका शब्दाच्या अदलाबदलीनें. त्या शब्दाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

कातकऱ्यांचें नांवच मुळीं कातावरून पडलें. खैराचें लाकूड उकळून कात काढावा, डोंगरउतारावर फांद्या तोडून जाळाव्या आणि त्या राखेंत नाचणी, वरी पेरावी, ही त्यांची जुनी राहणी. ह्या शेतीस दळी म्हणतात. कांहीं वर्षांनीं तो तुकडा सोडून द्यावयाचा, म्हणजे रान पुन्हा उभें राहतें. ह्या वहिवाटीस सनद नव्हती, आणि ती कोणी मागितलीही नव्हती.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली व पेणचा मुलूख इंग्रजांकडे गेला. पुढें लोहमार्गासाठीं लाकूड हवें झालें, तेव्हां रानाचा मालक कोण, हा प्रश्न निघाला. १८६५ चा पहिला वनकायदा अपुरा वाटला, आणि नव्या कायद्याच्या चर्चेंत बेडन-पॉवेल नांवाच्या अधिकाऱ्यानें आपला युक्तिवाद मांडला. बालवीर चळवळीच्या संस्थापकांचे हे सावत्र बंधु. त्यांचें म्हणणें असें: पौर्वात्य देशांत पडीक जमीन व रान राजाचें असतें, राजानें स्पष्टपणें दिला तोच हक्क, बाकी लोक जें वापरीत आले, तें केवळ त्याच्या मूक संमतीनें. म्हणजे ती सवलत. आणि सवलत देणाऱ्यास ती काढूनही घेतां येते. वनखात्याचे पहिले मुख्य अधिकारी ब्रँडिस ह्यांस हें पटलें नाहीं. गांवकऱ्यांच्या वहिवाटी मान्य कराव्या, गांवांसाठीं निराळीं रानें ठेवावीं, असें त्यांचें मत होतें. मद्रास सरकारनेंही विरोध केला. तथापि १८७८ च्या कायद्याचा कल बेडन-पॉवेल ह्यांच्याच बाजूचा राहिला.

त्या कायद्याची रीत पाहा. रान राखीव करावयाचें झाल्यास जाहिरनामा निघावा. ज्यांचे हक्क असतील त्यांनीं ते नेमल्या मुदतींत, निदान तीन महिन्यांत, अधिकाऱ्यापुढें मांडावे. न मांडलेले हक्क, सबळ कारण दाखविल्यावांचून, नष्ट समजावे. कागदावर हें न्याय्य दिसतें. परंतु ज्यास अक्षर ठाऊक नाहीं, जो ऋतूमागून ऋतु रानोमाळ फिरतो, त्यानें जाहिरनामा वाचावा कधीं आणि कचेरी गांठावी कशी? त्याचें मौन हीच त्याची संमति ठरली. १९२७ च्या कायद्यानें तर, फिरती शेती ही सर्व बाबतींत सवलतच समजावी व सरकारास ती बंद करतां यावी, असें कलमांतच घातलें. आमच्या कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या रायगडांत, कांहीं ठरावीक क्षेत्रें दळीसाठीं पट्ट्यानें मिळालीं. काल जेथें तो घरधनी होता, तेथेंच तो कूळ झाला.

ही युक्ति एकट्या हिंदुस्थानापुरती नव्हती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १८२३ सालीं ठरविलें कीं, भूमीचा शोध लावणाऱ्या युरोपीय राष्ट्राची ती मालकी, मूळच्या रहिवाशांची केवळ वहिवाट. ऑस्ट्रेलियांत तर ती जणूं कोणाचीच नव्हती असें धरून कारभार चालला. तें मत तेथील सर्वांत वरच्या न्यायालयानें १९९२ सालीं माबो खटल्यांत टाकून दिलें.

आपल्याकडे उत्तर आधीं रानांतूनच आलें. २५ सप्टेंबर १९३० रोजीं उरणजवळच्या चिरनेर येथें जंगल सत्याग्रहांत गोळीबार झाला. त्यांत नाग्या कातकरी हुतात्मा झाले. स्वराज्य आलें, तरी १९२७ चा कायदा राहिला. तो आजही आहे. मात्र २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला, आणि त्याच्या प्रस्तावनेंतच वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली दिली गेली. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून रान कसणाऱ्या आदिवासीस ग्रामसभेपुढें दावा मांडतां येतो, जुन्या पट्ट्यांचें रूपांतर मालकींत करून मागतां येतें, आणि वृद्धांची लेखी घेतलेली साक्षही पुरावा म्हणून चालते. सवलत म्हणून हिणविलेला शब्द पुन्हा हक्क झाला, निदान कायद्याच्या पुस्तकांत.

पुस्तकांतून तो शब्द डोंगरावर पोंचावयाचा, तर मध्यें कचेरी लागते, आणि कचेरींत पहिला प्रश्न असतो: कागद कोठें आहे? आपण शहरांतलीं माणसें सात-बारा व खरेदीखत कपाटांत जपून ठेवतों, म्हणून हा प्रश्न आपणांस साधा वाटतो. पुन्हा कधीं वडखळच्या फांट्यावरून गेलांत, तर त्या डोंगरांकडे क्षणभर पाहा, आणि मनाशीं विचारा कीं, जो कागद आपण ह्या माणसाकडे मागतों, तो त्यास कोणी कधीं दिला होता काय?