पिकप द्यावी की ठेवावी?

(ज्ञातिमंडळाच्या भाट्ये येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस ‘व्यवसाय आणि तरुण पिढी’ या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले होते. एवढ्या विस्तीर्ण विषयास हात घालण्याची आमची योग्यता नाही. म्हणून जो प्रश्न सध्या आमच्या ओटीवर रोज रात्री जेवणे आटोपली की निघतो, आणि या मंडपातील निदान पाचसात घरांत निघत असेल, तोच आपणापुढे मांडतो. घरची पिकप देऊन टाकून तिच्या बदल्यात मोठा सहाचाकी ट्रक घ्यावा किंवा कसे?

आमच्या वडिलांच्या तरुणपणी हा प्रश्न नव्हता. रत्नागिरी बंदरात आगबोट लागे आणि आंब्याच्या पेट्या तिच्यातून मुंबईस जात. पुढे रस्ता आला, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. तरी आमची पेटी आजही बहुतकरून रस्त्यानेच जाते. बागेतून उचललेली पेटी मध्ये कोठेही हात न बदलता वाशीच्या गाळ्यावर उतरावी, हे त्याचे कारण. पिकपचे महत्त्व येथेच आहे. भाट्ये, फणसोप, गोळप येथील वाड्यांच्या पाणंदी किती रुंद आहेत हे आपण जाणता. गडग्यास न घासता पिकप थेट कलमाखाली जाऊन उभी राहते. ट्रक राहील सडकेवर, आणि पेट्या डोक्यावरून त्याच्यापर्यंत न्याव्या लागतील.

आता हिशोब पाहू. पाच डझनांची लाकडी पेटी गवतासह वीस किलोच्या आसपास भरते. दीड टन माल घेणाऱ्या पिकपमध्ये अशा पंचाहत्तर पेट्या बसतात. ट्रकची गोष्ट निराळी. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने दोन आसांच्या ट्रकचे भारासह एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांपर्यंत वाढविले. गाडीचे स्वतःचे वजन वजा जाता दहा टन माल सहज राहतो; म्हणजे पाचशे पेट्या. भाट्ये ते वाशी सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. पिकप लिटरला बारा किलोमीटर देते असे धरले, तर एका खेपेस सत्तावीस लिटर डिझेल. ट्रक पाच देतो असे धरले, तर पासष्ट. पूर्ण भरलेल्या ट्रकमध्ये पेटीमागे खर्च पिकपच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येतो. आमचे चिरंजीव हाच आकडा कागदावर लिहून दाखवितात, आणि आकड्यात चूक नाही.

परंतु त्याच कागदाच्या पाठीमागे आम्ही दुसरा आकडा लिहिला. ट्रकमध्ये एकशेऐंशीपेक्षा कमी पेट्या असल्या, तर पेटीमागे डिझेल पिकपपेक्षा अधिक पडते. मग विचारावयाचे ते हेच, की एका संध्याकाळी एकशेऐंशी पेट्या कोठून येणार? आमच्या घरची तोडणी चांगल्या दिवशी चाळीस पेट्यांची. बाकीच्या दहा बागांतून गोळा कराव्या लागतील; सकाळी तोडलेला आंबा रात्रीपर्यंत वाट पाहील. हापूसमध्ये साका होण्याचे एक कारण तोडणीनंतर फळास लागणारी उष्णता हे आहे, असे फळशास्त्राचे अभ्यासक सांगतात. डिझेल वाचविण्यासाठी फळ तापत ठेवणे हा कसला व्यापार? आणि हापूस हा एक वर्ष भरभरून तर दुसऱ्या वर्षी हात आखडून देणारा. त्याच्या लहरीवर बारा महिन्यांचा हप्ता कसा बांधावा? मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने झाडावरचा आंबा जमिनीवर आणला. तसल्या वर्षी पिकप अंगणात उभी राहिली तर ती उभी राहते, इतकेच. कर्जाचा ट्रक उभा राहिला तरी त्याचा हप्ता चालतच असतो.

कोणी म्हणेल, आंबा संपला की दुसरा माल आहे. आहे, हे आम्ही नाकारीत नाही. आपल्या गावात १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे, माड बारमाही फळतो. खाडीपलीकडे मिरकरवाड्याचे बंदर आहे, जांभ्याचा चिरा आहे. परंतु चिरा वाहणारे आधीच पुष्कळ आहेत, आणि मासळीच्या जवळच्या खेपा ट्रकास मानवत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते. लांब पल्ल्यावर इंजिन चांगले तापले तरच ती स्वतः मोकळी होते. बंदर ते बर्फाचा कारखाना अशा फेऱ्यांत ती तुंबते. मोठ्या ट्रकांस युरियाचे पाणीही निराळ्या टाकीत भरावे लागते. (बागेत घालतो तो युरिया नव्हे; हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या शेजाऱ्यांनी तशी काटकसर सुचविली होती.) भाद्रपदात गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर जड वाहनांस बंदीचे आदेश निघतात, तेही दिवस वजा करावे.

याहून मोठी गोष्ट माणसाची आहे. पिकप चिरंजीव स्वतः चालवितात. साडेसात टनांपर्यंतच्या मालगाडीस हलक्या वाहनाचा परवाना चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. ट्रकास जड वाहनाचा परवाना पाहिजे. तो मिळेपर्यंत चालक पगारी, त्याच्यासोबत क्लीनर, आणि वाशीस परतीच्या मालासाठी दोन-दोन दिवस खोळंबा. गाडीचा मालक घरी बसून फोनची वाट पाहील.

विक्रेते म्हणतात, २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, आता थांबू नका. कर उतरला हे खरे. पण जुन्या पिकपची जी किंमत ते बदल्यात धरतात ती बाहेरच्या गिऱ्हाईकाच्या किमतीशी ताडून पाहिल्याखेरीज कोणी सही करू नये. आमच्या पिकपवर आज कोणाचा बोजा नाही. ट्रकासाठी माडाची वाडी तारण द्यावी लागेल, आणि त्या सातबाऱ्यावर आमच्या मातोश्रींचेही नाव आहे. त्या एवढेच म्हणाल्या, “वाडीत मी आहे तोवर तिच्यावर ट्रक चढवू नका.”

म्हणून घरात असे ठरले आहे. हा हंगाम पिकपवरच काढावयाचा. एप्रिल-मेच्या भरात जेव्हा माल अधिक असेल, तेव्हा भाड्याचा ट्रक करावयाचा. चिरंजीवांनी दरम्यान जड वाहनाचा परवाना काढावयाचा. त्यास आमची ना नाही, उलट त्याची फी आम्ही देणार. आणि एक वही घातली आहे. कोणत्या रात्री किती बागांच्या किती पेट्या जमल्या हे तीत रोज लिहिले जाईल. एकशेऐंशीच्या वर पेट्या किती रात्री गेल्या, हे पाऊस लागल्यावर मोजू. अशा रात्री चाळीसच्या वर भरल्या तर ट्रकाचा विचार पुन्हा निघेल, पण तो एका घराचा नसून चार घरांच्या भागीदारीचा असेल आणि वाडी तारण न देता होईल.

ज्या बंधूंस आपल्या पेट्या या हिशोबात धराव्यात असे वाटत असेल, त्यांनी आपल्या तोडणीचे अंदाजी दिवस आणि पेट्यांची संख्या आज जेवणापूर्वी चिटणीसांच्या टेबलाजवळ ठेवलेल्या त्या वहीत लिहावी. शेवटची चार पाने कोरी ठेविली आहेत.