रडायलाही वेळ द्या
(मिशनच्या मदतनीस-सभेत केलेले भाषण)



सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या दादांविषयी आज सांगतो. शेतात त्यांना साप चावला. दवाखान्यात पोचायला उशीर झाला, पाय सडला आणि जीव वाचवण्यासाठी तो गुडघ्याखाली कापावा लागला. मी भेटायला गेलो आणि म्हणालो, "दादा, जीव वाचला, देवाचे आभार माना." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. मी निघालो तेव्हा एवढेच विचारले, "माझा पाय कुठे पुरला?"

मी चौकशी करून आलो. दवाखान्याने नियमाप्रमाणे विल्हेवाट लावली होती. ते खरे सांगितले, तेव्हा दादा पहिल्यांदा रडले. मी उपदेश केला नाही, शेजारी बसून राहिलो.

ज्या पायाने डोंगर चढला, होळीला नाचला, तो पाय जाणे म्हणजे घरातले माणूस जाण्यासारखेच. माणूस गेले की आपण रडायला दिवस देतो. पाय गेला की लगेच हिंमत ठेवायला सांगतो. लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू येशू आधी रडला, हे आपण विसरतो.

महिन्याभराने दादा हळूच म्हणाले, "नसलेली बोटे रात्री जळतात." घरच्यांना बाहेरची बाधा वाटली. पण हे दुखणे खरे असते आणि पुष्कळांना होते. पाय गेला तरी मेंदूत त्याची जागा राहते. त्यावर औषधे आहेत. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात आरशाचा उपाय मांडला. धडधाकट पायाचे प्रतिबिंब पाहत व्यायाम केला की काहींचे दुखणे हलके होते. "तुम्हाला वेड लागलेले नाही," एवढे ऐकूनच दादांचे डोळे भरले.

१९६८ साली जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबरी पाय घडवला. तो लावून उकिडवे बसता येते, अनवाणी शेतात चालता येते. मात्र आधी जखम भरावी लागते, सूज उतरावी लागते. मनाला त्याहून जास्त वेळ लागतो. दादांना खरा धीर दिला तो पलीकडच्या पाड्यावरच्या, असाच पाय लावून बकऱ्या चारणाऱ्या एका बाईंनी. त्यांनी आपला पाय काढून समोर ठेवला. "हात लावून बघ, दादा," म्हणाल्या.

तुम्ही अशा घरी जाल तेव्हा नजर चुकवू नका. "बिचारा" म्हणू नका. त्यांच्याविषयी पत्नीला विचारू नका, त्यांनाच विचारा. बसून करता येईल असे काम त्यांच्याकडे मागा. जेवण-झोप सुटली, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर एकटे सोडू नका. लगेच डॉक्टरांना कळवा.

आज दादा पाय लावून बाजाराला जातात. एखाद्या दिवशी मात्र पाय काढून भिंतीशी गप्प बसतात. मी गेलो तर मला शेजारी जागा करून देतात.